टायर कोठें गेला ?

संपादकांनीं यंदा "विज्ञानावर कांहीं तरी लिहा" असा आम्हांस आग्रह केला, तेव्हां आम्हीं विजेचा, ग्रहताऱ्यांचा, अणूचा असा एकेक विषय मनांत घोळवून पाहिला. परंतु ज्या विषयानें गेले कित्येक महिने आमची पाठ सोडली नाहीं, तो आकाशांतला नसून रस्त्यावरचा आहे. आणि त्याची सुरवात झाली ती आमच्या मुरगूड गांवीं, एका सायकलदुकानाच्या पायरीवर. विषय काळा आहे व त्याला वासही बरा नाहीं. तरी वाचकांनीं नाक मुरडूं नये, कारण नाकाचाच त्याच्याशीं सर्वांत निकट संबंध आहे.

मुरगूड हें कागल तालुक्यांतील, वेदगंगेच्या कांठचें गांव. निपाणीहून निघून मुदाळतिट्ट्यावरून राधानगरीकडे व पुढें घाट उतरून देवगडाकडे जाणारा रस्ता या गांवावरून जातो. एका अंगास हमीदवाड्याचा आणि दुसऱ्या अंगास बिद्रीचा साखर कारखाना असल्यामुळें, गळिताचा हंगाम सुरू झाला कीं या रस्त्यावर उसाचे ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची रीघ लागते. आमच्या लहानपणीं लोखंडी धावेच्या लांकडी चाकांच्या गाड्या अजून दिसत. त्यांचा खडखडाट पहांटे अंथरुणांत ऐकूं येई. पुढें पाहतां पाहतां टायरगाडी आली. खडखडाट कमी झाला, बैलांचे कष्ट हलके झाले, आणि गांवांतील मुलांना एक नवें खेळणें मिळालें. झिजलेला टायर काठीनें हाकीत सर पिराजीराव तलावापर्यंत धांवत जाण्यांत जें सुख होतें, तें पुढें पदवी मिळाली त्या दिवशींही आम्हांस लाभलें नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही गांवीं गेलों असतां सायकलचें पंक्चर काढण्यासाठीं आमच्या ओळखीच्या जुन्या दुकानीं बसलों होतों. दुकानदारांना सारें गांव मामा म्हणतें, आम्हीही म्हणतों. शेजारीं आठनऊ वर्षांचा एक मुलगा दोन टायर घेऊन बसला होता. एक नवा कोरा व दुसरा पार गोटा झालेला. दोहोंवरून आळीपाळीनें हात फिरवून त्यानें आम्हांस विचारलें,

"सर, ह्याच्यावरची नक्षी कुठं गेली ओ?"

"झिजली," आम्हीं म्हटलें.

"झिजली म्हंजे गेली कुठं?"

मामा पंक्चर घांसतां घांसतां हंसले व म्हणाले, "रस्त्यानं खाल्ली."

मुलानें रस्त्याकडे क्षणभर पाहिलें आणि विचारलें, "मग रस्ता उंच का न्हाई झाला?"

वाचकहो, वीस वर्षें आम्ही वर्गांत शिकवीत आलों कीं, द्रव्याचा नाश होत नाहीं. तें केवळ रूप पालटतें. मेणबत्ती जळून जाते म्हणजे नाहींशी होत नाहीं, तिचे वायु होतात, हें आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल त्याची गणती नाहीं! परंतु टायर झिजून जातो तो कोठें जातो, हें आम्हीं एकदांही मनाशीं विचारलें नव्हतें. त्या मुलास आम्हीं कांहीं तरी गुळमुळीत उत्तर दिलें आणि पंक्चरचे पैसे देऊन उठलों. पण प्रश्न कांहीं उठेना.

शाळा उघडल्यावर आम्हीं एकाच मापाचे एक नवा व एक गोटा झालेला असे दोन टायर मिळवून मुलांच्या देखत तागडींत घातले. तागडी जी कलली, ती पाहून मागच्या बाकावरचीं मुलेंही उभीं राहिलीं. मग आम्हीं पुस्तकें उघडलीं. मोटारीचा एक टायर टाकून देण्याच्या वेळेपर्यंत सुमारें एक ते दीड किलो वजन गमावतो. ट्रकचा त्याहून कितीतरी अधिक. निरनिराळ्या देशांतील वाहनांचा हिशेब मांडून नेदरलंडमधील संशोधकांनीं २०१७ सालीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, जगांत दर माणशीं दर वर्षीं सरासरी सुमारें आठशें ग्रॅम टायरची भुकटी होते. आपल्या देशांत वाहनें दर माणशीं थोडीं असल्यामुळें आपला वांटा याहून पुष्कळ लहान आहे. परंतु वाहनें वाढत आहेत हें सांगावयास कोणा संशोधकाची गरज नाहीं.

ही भुकटी कशाची असते तें समजण्यासाठीं टायर म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. रबर हा मूळचा झाडाचा चीक. आपल्याकडे केरळांत त्याचे मोठे मळे आहेत. नुसतें रबर उन्हांत चिकट होतें व थंडींत कडक होतें. १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यांस असें आढळलें कीं, रबरांत गंधक घालून तें तापविलें म्हणजे तें टिकाऊ व लवचिक होतें. पुढें १८८८ च्या सुमारास आयर्लंडांतील बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यांनीं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर केला, आणि जगाचें चाक मऊ झालें. आजच्या टायरांत झाडाचें रबर असतें, तसेंच खनिज तेलापासून केलेलें कृत्रिम रबरही असतें. त्यांत बळकटीसाठीं काजळी घालतात. टायर काळा दिसतो तो या काजळीमुळें. याशिवाय गंधक, जस्ताचें भस्म, नाना प्रकारचीं तेलें, आणि रबर लवकर तडकूं नये म्हणून योजलेलीं रक्षक रसायनें असतात. टायर झिजतो तेव्हां यांपैकीं प्रत्येक वस्तु रस्त्यावर येते.

मग रस्ता उंच कां होत नाहीं? कारण भुकटी रस्त्यावर राहत नाहीं. तिचे मोठे कण रस्त्याच्या कडेला पडतात. पहिल्या पावसाबरोबर गटारांत, ओढ्यांत व तेथून नदींत जातात. बारीक कण मागून येणाऱ्या वाहनांच्या झोतानें पुन्हां पुन्हां वर उडतात. आणि त्यांतील अगदीं बारीक जे असतात, ते हवेंत तरंगत राहतात. ते खालीं बसण्यापूर्वीं पुष्कळदां कोणाच्या तरी छातींत बसतात.

छातीची रचना मोठी चतुर आहे. नाकांतील केंस व शेंबूड मोठी धूळ अडवितात. श्वासनलिकेंतील सूक्ष्म लव आंत गेलेली धूळ वर ढकलते व आपण ती खोकून टाकतों. परंतु हे पहारेकरी ठराविक आकाराच्या चोरांसाठीं नेमलेले आहेत. माणसाचा केंस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अडीच मायक्रॉनहून लहान कण या साऱ्या पहाऱ्यांतून निसटून फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोंचतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म ते रक्तांतही उतरतात. दमा बळावणें, मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटणें, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढणें, हे अशा कणांचे परिणाम वैद्यकास चांगले ठाऊक झालेले आहेत. काजळीनें रोग होतो हें ज्ञान तर फारच जुनें आहे: १७७५ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं धुरांडीं झाडणाऱ्या कामगारांना होणारा त्वचेचा कर्करोग काजळीपासून होतो असें दाखवून दिलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१३ सालीं बाहेरच्या दूषित हवेसच कर्करोगकारक म्हणून जाहीर केलें.

अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचें वार्षिक प्रमाण घनमीटर हवेंत पांच मायक्रोग्रॅमच्या आंत असावें, असें जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या सरकारनें २००९ सालीं ठरविलेली मर्यादा चाळीस मायक्रोग्रॅमची आहे. जानेवारी २०१९ मध्यें राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हां ज्या शहरांची हवा सरकारी मापांतही बसत नव्हती त्यांच्या यादींत मुंबई-पुण्याच्या जोडीला आपलें कोल्हापूर व शेजारचें सांगली हीं नांवें आहेत. "दिल्लीची हवा" म्हणून आपण जी हळहळ करतों, तिचा थोडा भाग दाभोळकर कॉर्नरला उभे राहून स्वतःकरितां राखून ठेवण्यास हरकत नाहीं.

या धुळींत सगळी टायरचीच असते असें आम्ही म्हणत नाहीं. इंजिनांचा धूर, चुलींचा धूर, बांधकामांची व रस्त्यांची माती हीं सर्व तींत आहेत. पण धुराच्या नळीला गाळणी लावतां येते. टायरला ती कोठें लावणार? विजेवर चालणारी मोटार धूर सोडीत नाहीं ही चांगली गोष्ट आहे, परंतु तीही चार टायरांवरच चालते, आणि अंगानें जड असल्यास ते अधिकच झिजविते. युरोपांतील देशांनीं २०२४ सालीं संमत केलेल्या नव्या नियमांत धुराबरोबर टायरच्या झिजेसही मर्यादा घालण्याचें ठरविलें आहे, तें याच कारणास्तव.

आतां एका माशाची हकीगत सांगतों. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल शहराच्या आसपास कोहो सामन नांवाचा मासा अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून ओढ्यांत चढतो. शहरांतून वाहणाऱ्या ओढ्यांत, पाऊस पडून गेल्यावर, हे मासे अंडीं घालण्यापूर्वींच तडफडून मरत. कित्येक वर्षें कारण सांपडेना. शेवटीं डिसेंबर २०२० मध्यें वॉशिंग्टन विद्यापीठांतील व त्यांच्या सहकारी संशोधकांनीं कारण जगापुढें मांडलें. हवेंतील ओझोन वायु रबराला तडे पाडतो, म्हणून टायरांत ६-पीपीडी नांवाचें रक्षक रसायन घालतात. तें पृष्ठभागावर येऊन ओझोनचा मार स्वतः सोसतें व रबर वांचवितें. परंतु तसें करतांना त्याचेंच ६-पीपीडी-क्विनोन नांवाचें दुसरें द्रव्य बनतें. एका लिटर पाण्यांत या द्रव्याचा मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतका अंश असला तरी तो कोहो मासा मारण्यास पुरतो. कुंपणानेंच शेत खावें, तशांतला हा प्रकार!

पुढें हेंच द्रव्य चीनमधील शहरांच्या हवेंतील सूक्ष्म धुळींत सांपडलें, आणि २०२२ सालीं तेथील माणसांच्या लघवींतही सांपडलें. म्हणजे तें आपल्या शरीरांत शिरतें व शरीरांतून जातें. माशाला जें मारतें तें माणसाला त्याच मात्रेनें मारतें असें मुळींच नव्हे; कांहीं जातींच्या माशांवरही त्याचा असा परिणाम होत नाहीं. माणसाच्या शरीरावर तें काय करतें याचा अभ्यास आज चालू आहे. परंतु त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें. नक्षी रस्त्यावर नाहीं, ती नदींत आहे, हवेंत आहे, थोडीशी आपल्यांत आहे.

येथवर जें सांगितलें तें झिजणाऱ्या टायरविषयीं. तो धीम्या गतीनें जातो, आणि त्याला पुरतें थांबविणें आज कोणाच्याच हातीं नाहीं. पण टायरला हवेंत पाठविण्याची एक दुसरी रीत आहे, ती क्षणांत आटोपते आणि ती सर्वस्वीं आपल्या हातची आहे. ती म्हणजे जाळणें. टायर पेटला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचा आम्लधर्मी वायु, बेंझीन, आणि काजळीला चिकटलेलीं कर्करोगकारक तेलकट द्रव्यें एकदम बाहेर पडतात; खालीं उरतें तें काळें तेल जमिनींत मुरतें. १९९० च्या फेब्रुवारींत कॅनडांतील हॅगर्सव्हिल येथें सव्वा कोटीच्या घरांत टायरांचा ढीग पेटला, तो विझवावयास सतरा दिवस लागले. आपल्याकडे एवढे ढीग नाहींत. आपल्याकडे एकेक टायर असतो. तो शिमग्याला होळींत जातो, थंडींत शेकोटींत जातो, उसाच्या दरासाठीं रस्ता अडविला कीं चौकांत जातो. दराची मागणी रास्त असेल. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरची चूल उसावर चालते व आमच्याही घरची एके काळीं चालली. पण तो धूर प्रथम शिरतो तो टायर पेटविणाऱ्या शेतकऱ्याच्याच छातींत.

हें आम्ही दुसऱ्यांस सांगत आहों खरे. आतां स्वतःचें सांगणें प्राप्त आहे.

आठ वर्षांपूर्वींची गोष्ट. डिसेंबर महिना होता. शाळेच्या बालवीर पथकाचा तीन रात्रींचा मुक्काम आम्हींच हट्टानें आमच्या गांवीं, तलावाजवळच्या एका शेतांत नेला होता. निघतांना एका मुलाची आई मुलास पोंचवावयास आली होती. ती म्हणाली, "सर, ह्याला दमा आहे, जरा लक्ष असू द्या." आम्हीं "कांहीं काळजी करूं नका" असें सांगितलें. दुसऱ्या रात्रीं शेकोटीचा कार्यक्रम होता. दंवानें ओलीं झालेलीं लांकडें पेट घेईनात. मुलें थंडीनें कुडकुडत होतीं. कोणीतरी म्हणालें, "सर, टायर घालूया." लहानपणीं आम्हींही होळीसाठीं शेणींबरोबर टायर गोळा केलेले, त्यांत वावगें कांहीं आहे असें मनांतही आलें नाहीं. दोन मुलांना त्याच मामांच्या दुकानीं पाठविलें. मामांनीं दोन गोटे टायर फुकट दिले.

शेकोटी भडकली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. धुरानें एकमेकांचीं तोंडें काळीं झालेलीं पाहून मुलें हंसलीं व आम्हीही हंसलों. तो मुलगा वाऱ्याच्या बाजूला, धुराच्या वाटेंत बसला होता. नायकानें ओळींत बसावयास सांगितलें म्हणून तो बसला, आणि सर समोर आहेत म्हणून उठला नाहीं.

मध्यरात्रीनंतर त्याच्या सोबत्यानें आम्हांस हालवून जागें केलें. तो मुलगा गुडघ्यांवर हात टेकून ताठ बसला होता. बरगड्या आंत ओढल्या जात होत्या, ओंठ निळसर झाले होते, आणि त्याला एक शब्दही पुरा बोलतां येत नव्हता. गांवांतील एका वडापवाल्यास उठवून त्याच्या जीपमधून आम्हीं त्याला दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं प्राणवायु लावला, वाफेचें औषध दिलें, आणि आमच्याकडे वळून विचारलें, "धूर कसला होता?" आम्हीं म्हटलें, "शेकोटीचा." हें उत्तर खोटें नव्हतें, पण तें खरेंही नव्हतें, हें उत्तर देतांनाच आम्हांस कळत होतें.

पहांटेपर्यंत त्याचा श्वास ताळ्यावर आला. सकाळच्या एस्टीनें त्याची आई आली. तिनें मुलाला जवळ घेतलें, मग आमच्यापुढें हात जोडून म्हणाली, "तुम्ही होता म्हणून पोरगं वांचलं, सर." आम्हीं मान खालीं घातली आणि गप्प राहिलों. ती मान खालीं घालणें त्या माउलीनें विनय समजून घेतलें.

आज तो मुलगा आयटीआय पुरी करून गोकुळ शिरगांवला कामास लागला आहे. त्याचा धाकटा भाऊ आमच्या शाळेंत आठवींत आहे. म्हणजे हा अंक त्या घरीं जाणार. लेखाचा पहिला खर्डा लिहून झाला तेव्हां ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली, आणि असें वाटलें कीं, त्या बाईंनीं ही हकीगत छापलेल्या कागदावरून प्रथम वाचावी हें बरें नव्हे. म्हणून एका रविवारीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों आणि सारें सांगितलें. टायर आम्हीं मागविले, तुम्हीं बजावून ठेविलें असतांना मागविले, आणि डॉक्टरांनाही नीट सांगितलें नाहीं, असें एकेक करून सांगितलें.

बाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "त्यात तुमचं एकट्याचं काय ओ, सर? आमच्या बंबाला रोज सकाळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लागायचा. त्याशिवाय जाळ धरायचाच न्हाई. आणि हा शेजारी शेकत अभ्यासाला बसायचा. मला तरी कुणी सांगितलं हुतं?"

त्यांनीं चहा केला. आम्ही चहा घेऊन घरीं आलों आणि हा लेख पुन्हां आरंभापासून लिहिला. पहिल्या खर्ड्यांत रसायनांचीं नांवें पुष्कळ होतीं. बंबाचा उल्लेख नव्हता.

पालकांस आमची विनंती आहे ती आतां थोडक्यांत सांगतों. बंब किंवा चूल पेटविण्यास टायरचा, ट्यूबचा वा प्लास्टिकचा तुकडा वापरूं नये. नारळाची शेंडी, वाळलेलें चिपाड, काटक्या यांवर जाळ धरतो. चार मिनिटें अधिक लागतील. ट्यूबच्या तुकड्याचा धूर घरांत कोंडतो, आणि त्याच्या सर्वांत जवळ असतात त्या घरांतील बाया व शेकणारीं मुलें. ज्या घरांत दमेकरी मूल आहे त्या घरानें तर हें एक पथ्यच समजावें. आणि त्या मुलानें ओढावयाचें औषध चार मित्रांदेखत घेण्यांत कांहीं लाज मानूं नये.

दुसरें असें कीं, जुना टायर परसांत टाकून ठेवूं नये. पावसाचें पाणी सांचून त्यांत डेंगीचे डांस होतात, मग कंटाळून आपण तो जाळतों, आणि एक पीडा घालवितांना दुसरी ओढवून घेतों. नवा टायर घेतांना जुना दुकानींच द्यावा. जो रिमोल्ड होण्याजोगा असेल तो करून घ्यावा. केंद्र सरकारनें २०२२ च्या नियमांनीं टायर करणाऱ्यांवर व आणणाऱ्यांवरच जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली आहे. तेव्हां दुकानदारास तसें विचारण्यास संकोच नको. टायरांत हवा बरोबर ठेवली, चाकें सरळ ठेवलीं आणि गचके देऊन ब्रेक मारला नाहीं, तर टायर कमी झिजतो. यांत खिशाचाही फायदा आहे.

उघड्यावर टायर जाळण्याविषयीं न्यायाची बाजूही स्पष्ट आहे. ॲडव्होकेट असीम सरोदे व इतर यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें येथील पीठानें २०१४ सालीं निकाल देऊन सार्वजनिक जागीं टायर जाळण्यास आपल्या राज्यांत मज्जाव करावा असें सांगितलें. पण कायदा पुण्यास होतो आणि टायर आमच्या गल्लींत जळतो. मध्यें कोणी तरी "नको" म्हणणारा लागतो. त्या रात्रीं तलावाकांठीं तो "नको" म्हणण्याचें काम आमचें होतें.

दुकानदारानें घेतलेला टायर पुढें कोठें जातो, याकडेही लक्ष असावें. पालघर जिल्ह्यांतील वाडा तालुक्यांत टायर बंद भांड्यांत तापवून त्यांपासून तेल काढण्याचे पुष्कळ कारखाने निघाले. परदेशांत नकोसे झालेले टायरही आपल्या देशांत येतात. तेल काढण्यासाठीं ते आणण्यास नियमांनीं बंदी असतांही या भट्ट्यांपर्यंत पोंचल्याचें उघडकीस आलें आहे. जानेवारी २०२५ मध्यें तेथील एका कारखान्यांत स्फोट होऊन दोन स्त्रिया व दोन मुलें प्राणांस मुकलीं. आपल्या दृष्टीआड झालेली वस्तु दुसऱ्या कोणाच्या तरी दारांत जाऊन पडलेली असते, हें आपण विसरूं नये.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे. टायर काठीनें हाकीत खुशाल धांवा. त्यासारखा खेळ नाहीं. मात्र हमरस्त्यानें न धांवतां आंतल्या वाटेनें धांवा. शिमगा आला कीं होळीला शेणी व वाळलीं लांकडें न्या, आणि कोणी टायर आणला तर तो काढून बाजूस ठेवा. कोणी मोठा माणूस आणील, कदाचित् तुमचे सरही आणतील. तरी "नको" म्हणावयास भिऊं नका. आणि ज्याचें उत्तर सरांना येत नाहीं असा प्रश्न सांपडला, तर तो सोडूं नका. मुरगूडच्या त्या मुलानें आम्हांस जो प्रश्न विचारला तो आम्हांस आठ वर्षांपूर्वीं कोणीं विचारला असता, तर एक रात्र निराळी गेली असती.

येत्या सुटींत आम्ही गांवीं जाऊं तेव्हां त्या मुलास गांठून त्याचें उत्तर त्याला देणार आहों. मामांनाही सांगावयाचें आहे कीं, यापुढें आमच्या शाळेचीं मुलें शेकोटीसाठीं टायर मागावयास आलीं, तर देऊं नयेत. फुकट तर मुळींच देऊं नयेत.